‘आशा होती’पासून सुरुवात: उपवासकाळ आणि ईस्टरमध्ये शुभवर्तमानातल्या गोष्टी कशा वाचाव्यात

येशूचं आयुष्य सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. त्यातल्या लूकच्या २४व्या अध्यायात दोन माणसं यरुशलेमहून अम्माऊसकडे निघाली आहेत. वाट साधारण ११ किलोमीटरची. तीन दिवसांपूर्वी त्यांच्या गुरूला, येशूला, क्रुसावर मारलेलं आहे. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालू लागतो आणि विचारतो, कशाबद्दल बोलताय? ते दोघं थांबतात. चेहरे उतरलेले. मग सगळी हकिकत सांगता सांगता एक वाक्य बोलतात: इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी आमची आशा होती.

‘होती.’ मूळ ग्रीकमध्येही क्रियापद भूतकाळातच आहे. हा लेख त्या एका शब्दासाठी आहे. ज्यांची आशा ‘आहे’मधून ‘होती’मध्ये गेली आहे, त्यांनी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरमध्ये, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणात, या गोष्टी कशा वाचाव्यात, ते पायरीपायरीने सांगते.

माझं माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. माहेरी वधस्तंभ, पाळक, उपासना. सासरी क्रूस, फादर, मिस्सा. माहेरी ‘लेंट’ म्हणायचे, सासरी ‘उपवासकाळ’. मला दोन्हीकडून मिळालंय, म्हणून खाली दोन्हींतलं येईल. तुमच्याकडे जो शब्द चालतो तो तुम्ही वापरा. यातलं बरंचसं मी आठदहा बायकांच्या एका वाचनगटात बसून शिकले आणि काही फार वाईट गेलेल्या एका वर्षात एकटीने.

आधी तारखा आणि सामान

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वगळले की उरतात ते ४०. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच दिवस. २०२६मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७मध्ये १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. तारीख दरवर्षी सरकते, कारण ती चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. आपल्याकडे ती बहुधा होळीची नाहीतर हनुमान जयंतीची पौर्णिमा असते. हे लक्षात ठेवा, पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, रात्री उपयोगी पडेल.

सामान थोडंच लागतं. वाचताना अडखळायला होणार नाही अशा मराठीतलं बायबल आणि एक वही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, भाषांतर १९२४मध्ये छापून बाहेर आलं. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं, हा त्यांचा ध्यास होता. तोच निकष तुम्ही लावा: जे वाचून लगेच कळतं ते बायबल घ्या, कपाटातलं भारदस्त राहू द्या.

वेळ रोज १५ मिनिटं आणि तीही ठरलेली. पहाटे नळाला पाणी येण्याआधी किंवा रात्री भांडी आवरल्यावर. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की जमत नाही.

पहिली पायरी: आपलं ‘होती’चं वाक्य लिहा

राखेच्या बुधवारी कपाळावर जी राख लावतात, ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ‘होसान्ना’ असा जयघोष करत हातात धरलेल्या पातींची असते. त्या पाती जपून ठेवतात आणि वर्षाने जाळतात. आनंदाने वर केलेली वस्तू राख होऊन कपाळावर येते. या काळाची सुरुवात इथून आहे, म्हणून वहीची सुरुवातही इथूनच करा.

पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं: ‘मला आशा होती, की…’ पुढे जे खरं असेल ते. नोकरी टिकेल. मूल होईल. नवरा दारू सोडेल. गाठ साधी निघेल. भाऊ बोलायला लागेल. देवासमोर शोभेल असं वाक्य शोधू नका. गटात असाल तर हे वाक्य कुणाला वाचून दाखवायची सक्ती नको.

पुष्कळ लोक ही पायरी गाळतात. उपवासकाळ आला की आपण काय सोडायचं ते ठरवतो. मटण सोडलं, चहा सोडला, मालिका सोडल्या. आपल्या हातून काय निसटलं आहे, ते मात्र कुठेच नोंदवत नाही. मग पुढचे ४० दिवस आपण जे वाचतो ते दुसऱ्याच कुणासाठी लिहिल्यासारखं वाटत राहतं.

दुसरी पायरी: चाळीस नको, सात गोष्टी निवडा

रोज नवा उतारा घेतला तर एकही अंगात मुरत नाही. आठवड्याला एक गोष्ट घ्या. सहा दिवस तीच वाचा आणि रविवारी चर्चमध्ये जे वाचलं जाईल ते ऐका.

कॅथलिक मंडळींना निवड सोपी आहे, कारण रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. २०२६ हे ‘अ’ वर्ष. त्यात येशूची अरण्यातली परीक्षा, डोंगरावरचं रूपांतर, शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर या गोष्टी ओळीने येतात. पण घरी वाचताना चक्राला बांधून घेण्याची गरज नाही. आपल्या पहिल्या पानावरच्या वाक्याला जी गोष्ट लागू पडते ती घ्या. मी गटात साधारण अशी निवड सुचवते:

घरात कुणाला आजार किंवा अपंगत्व असेल, तर योहान ९. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? हा प्रश्न आपल्याकडेही दारावर येऊन विचारतात, कधी हळू आवाजात, कधी तोंडावर. येशूचं उत्तर सरळ आहे: याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही. गटातल्या एका आईने ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि पुढचे तीन आठवडे दुसरं काही वाचलंच नाही. मी तिला पुढे ढकललं नाही.

लोकांची नजर चुकवून जगावं लागत असेल, तर योहान ४. याकोबाच्या विहिरीवर ती शोमरोनी बाई भर दुपारी बारा वाजता पाण्याला येते. पाण्याला जायची वेळ सकाळ-संध्याकाळची, हे विहिरीवर पाणी भरलेल्या कुणालाही कळेल. तिचे पाच नवरे झाले होते एवढंच लिहिलेलं आहे. कसे आणि का, ते लिहिलेलं नाही. मेले असतील, टाकून गेले असतील. प्रवचनात तिला सरसकट पापिणी ठरवतात, ते मला कधीच पटलेलं नाही. येशू तिच्याजवळ आधी पाणी मागतो. आणि शेवटी ती घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. ज्यासाठी आली होती तीच वस्तू विसरते.

वर्षानुवर्षं कष्ट करून हाती काही लागत नसेल, तर लूक १३मधलं अंजिराचं झाड. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, यंदाचं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. ज्याने झाडाभोवती आळं केलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी फळ आलं का, हे गोष्टीत नाही.

घर तुटलं असेल, तर लूक १५. हरवलेल्या मुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: धाकटा वाट्याचे पैसे उधळून परत येतो आणि बाप मेजवानी देतो. या वेळी ती थोरल्या भावाच्या जागी उभं राहून वाचा. तो शेतातून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि दाराबाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. तो आत गेला की नाही, तेही गोष्टीत नाही.

सातांपैकी शेवटच्या तीन जागा मात्र येशूचं दुःखसहन (अटकेपासून क्रुसावरच्या मरणापर्यंतचा भाग), रिकामी कबर आणि पुनरुत्थानानंतरच्या भेटी यांच्यासाठी राखून ठेवा.

तिसरी पायरी: एक गोष्ट सहा दिवस कशी वाचायची

माझ्या ओळखीच्या गोष्टीवर, म्हणजे लाजराच्या गोष्टीवर दाखवते. योहान ११, पहिल्या ओवीपासून ४४पर्यंत.

बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या वाक्याला खरं तर वचन म्हणतात. ओवी हा शब्द लिहिताना सवयीने आला, तोच राहू देते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, जवळजवळ ११,००० ओव्यांचं. ते लोकांनी एकत्र बसून ऐकावं यासाठी होतं. शुभवर्तमानंही मुळात अशीच, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. म्हणून पहिले दोन दिवस मोठ्याने वाचा. नुसतं डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीचा मजकूर उडवतो. तोंडाने वाचताना जीभ अडखळते आणि तिथेच काहीतरी सापडतं.

तिसऱ्या दिवशी जागा आणि माणसं पाहा. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लॉयोलाने, येशूसंघाच्या संस्थापकाने, ही रीत लोकांना नीट शिकवली: प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा आणि आपण त्यात कुठे आहोत ते पाहायचं. कल्पनेचे इमले बांधायचे नाहीत, जे लिहिलंय तेच नीट बघायचं. बेथानी यरुशलेमपासून तीन किलोमीटरच्या आतच. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो आणि तरी तो आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. घर सांत्वनाला आलेल्या लोकांनी भरलेलं. लाजराच्या दोन बहिणींपैकी मार्था उठून वेशीकडे जाते, मरीया घरात बसून राहते. दुःखाच्या घरात अशा दोघी असतातच. एक चहापाण्याचं बघते, कोण आलं कोण गेलं त्याच्याकडे लक्ष देते; दुसरी भिंतीला टेकून बसते.

चौथ्या दिवशी एकच वाक्य धरा. मार्था येशूला भेटताच म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, पायांवर पडते आणि जसंच्या तसं तेच वाक्य बोलते. २१वी ओवी आणि ३२वी ओवी शेजारी ठेवून पाहा. त्या चार दिवसांत दोघी बहिणी घरात एकमेकींशी हेच बोलत असणार, म्हणून तर ते तोंडात बसलं.

माझा धाकटा भाऊ एका फेब्रुवारीत गेला. रुग्णालयात न्यायला उशीर झाला, आणि मी त्या दिवशी वसईला होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन वाक्यं आलटून पालटून चालायची: मी तिथे असते तर. तू तिथे असतास तर. त्या उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी मिस्सेत ही गोष्ट वाचली गेली. मार्थाचं वाक्य कानावर पडलं आणि मी बाकाची कड घट्ट धरली. माझं वाक्य तिथे आधीच लिहिलेलं होतं. ते कुणी खोडलेलं नव्हतं, कुणी त्याला अविश्वास म्हटलेलं नव्हतं. बाईने ते देवाच्या तोंडावर म्हटलं आणि ते शुभवर्तमानात राहिलं.

पुढे काय होतं पाहा. तेच वाक्य दोघी बोलतात, पण उत्तरं वेगळी मिळतात. मार्थाशी येशू बोलतो, तिला विश्वासाचा प्रश्न विचारतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही. ती रडते, लोक रडतात आणि मग ते दोन शब्द येतात: येशू रडला. आपण लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो. समजूत हवी असेल तर मार्थाच्या उत्तराजवळ बसा, नको असेल तर मरीयेजवळ. दोन्ही बायबलमध्येच आहे.

पाचव्या दिवशी शेवटची ओळ वाचा. लाजर बाहेर येतो तेव्हा हातपाय बांधलेलेच असतात. येशू आजूबाजूच्यांना सांगतो, याला मोकळं करा आणि जाऊ द्या. हाक त्याने मारली, पण कापडाच्या गाठी लोकांनी सोडायच्या आहेत. त्या दिवशी वहीत एक नाव लिहा: कुणाची एखादी गाठ आपल्याला सोडवता येईल? एक फोन, एक अर्ज भरून देणं, एक रात्र रुग्णाजवळ बसणं.

सहाव्या दिवशी काही वाचू नका. पुस्तक मिटून १५ मिनिटं बसा आणि जे आहे ते बोला. राग असेल तर रागही.

आणि एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट असू द्या. लाजर उठला तरी पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. माझा भाऊ परत आला नाही. ही गोष्ट ‘विश्वास ठेवला की माणूस परत मिळतो’ असं सांगत नाही, आणि जो तसं सांगेल त्याचं ऐकू नका.

चौथी पायरी: उपवास गोष्टीला बांधा

कॅथलिक नियम फार मोठा नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या लोकांनी उपवास करायचा, म्हणजे एकच पूर्ण जेवण; आणि १४ वर्षांवरच्यांनी मांस टाळायचं. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी हट्ट करू नये. मत्तय ६मध्ये दान, प्रार्थना आणि उपवास हे तिन्ही एकाच दमात येतात, आणि तिन्हींबद्दल येशू एकच अट घालतो: दाखवायला करू नका.

आमच्याकडे शुक्रवारी मासळी-मटणाचे वाचलेले पैसे एका डब्यात पडतात आणि त्या आठवड्याच्या गोष्टीप्रमाणे बाहेर जातात. शोमरोनी स्त्रीच्या आठवड्यात पाड्यावरच्या एका घराला पाण्याचं पिंप. जन्मांधाच्या आठवड्यात एका आजोबांचा चष्मा. मुलांना हे पटकन कळतं. त्यांना गोष्ट लक्षात राहते ती पिंपामुळे.

पाचवी पायरी: पवित्र सप्ताह घाई न करता

गुरुवार. मार्क १४, ३२ ते ४२. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर किंवा अंगणात जा. वर चंद्र जवळजवळ पूर्ण असेल. यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेचा आणि येशूला धरलं ते त्याच सणाच्या दिवसांत, म्हणून गेथशेमानेच्या त्या रात्रीही चंद्र असाच होता. बागेत जैतुनाच्या झाडांखाली चांदणं, तीन मित्र झोपलेले आणि तो जमिनीवर पडून म्हणतोय, हा प्याला माझ्यापासून दूर कर. हे वाक्य तो एकदा बोलून मोकळा होत नाही, पुन्हा जाऊन तेच बोलतो. प्रार्थना तीच तीच होते म्हणून ज्यांना अपराधी वाटतं, त्यांनी इथे थांबावं.

शुक्रवार. माहेरी गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ उपासना असायची, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. लहानपणी मला वाटायचं की हे सात उद्गार एका जागी लिहिलेले आहेत. तसं नाही. तीन लूकमध्ये, तीन योहानात, आणि मत्तय व मार्क या दोघांत मिळून एकच: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? घरी एक करून पाहा. एक शुभवर्तमान निवडून शुक्रवारी फक्त तेच वाचा, बाकीची मिसळू नका. मार्क घेतलात तर त्या एका आरोळीशिवाय तुम्हाला दुसरा शब्द ऐकू येणार नाही. ती आरोळी बायबलमधल्या जुन्या स्तोत्रांपैकी २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे त्याच्याही ओठांवर दुसऱ्या कुणाचं तरी जुनं रडणं आलं.

दोन इशारे इथेच देते, कारण याच दिवशी चुका होतात. एक, योहानात ‘यहुदी’ असा शब्द वारंवार येतो. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, शिष्य यहुदी. मारणारी शिक्षा रोमी सुभेदार पिलाताची होती. एका सबंध समाजावर दोष टाकणं चूक आहे, आणि कॅथलिक चर्चने १९६५ साली ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. रायगडात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेले बेने इस्राएल हे यहुदी लोक वल्हांडण पाळतात, हे मुलांना सांगा. दोन, ‘आपला क्रूस उचल’ हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला कधीही ऐकवू नका. तिला आसरा आणि कायद्याची मदत लागते. तसंच, वाचता वाचता कुणाला जगणंच नकोसं वाटू लागलं असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे.

शनिवार. या दिवसाबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच नाही. मत्तयात कबरेवर पहारा बसवतात. लूकमध्ये बायका सुगंधी द्रव्यं आणि लेप तयार करून ठेवतात, आणि मग आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, विसावा घेतात. बस. काही घडत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांचं आयुष्य या शनिवारात जातं. वाईट होऊन गेलंय, चांगलं आलेलं नाही. चर्चमध्ये फुलं लावायची असतात, घरी गोडाधोडाची तयारी असते, त्यामुळे शनिवार कुणाच्या लक्षातच येत नाही. सकाळचा एक तास तरी राखा. लूक २३मधली शेवटची दोन वाक्यं वाचा आणि त्या बायकांसारखं काहीतरी हाताने करा. ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही त्याच्यासाठीच करा. भाऊ गेल्यावर पहिल्या शनिवारी मी त्याचे शर्ट धुवून इस्त्री केले. कुणाला द्यायचे ते ठरलं नव्हतं.

सहावी पायरी: पहाटे मार्क, आणि आठव्या ओवीला थांबा

ईस्टरला पहाटे, उजाडायच्या आत, मार्क १६, १ ते ८ वाचा. बायका कबरेकडे चाललेल्या आहेत. मेलेल्या माणसाला लेप लावायला. वाटेत एकमेकींना विचारतात, आपल्यासाठी दगड कोण लोटेल? हा प्रश्न त्यांना निघतानाही माहीत होता. उत्तर नव्हतं, तरी निघाल्या. माझ्या मते सगळ्या शुभवर्तमानात आशेचं याहून खरं चित्र नाही. त्यांना पुनरुत्थानाची कल्पना नव्हती, विश्वास डळमळला होता, पण पाय चालत होते आणि हातात करायचं काम होतं.

दगड लोटलेला असतो. कबरेत बसलेला एक तरुण सांगतो, येशू इथे नाही. आणि आठवी ओवी: त्या थरथरत पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान इथेच संपतं. तुम्हीही त्या पहाटे इथेच थांबा. ईस्टरच्या सकाळी आनंद वाटला नाही, नुसती धडधड झाली, तर तुम्ही त्या पहिल्या बायकांच्याच रांगेत आहात.

माहेरी ईस्टरची पहाट दफनभूमीत व्हायची. मेणबत्त्या घेऊन जायचं, आपापल्या माणसांच्या कबरी पुसायच्या, फुलं ठेवायची, गायचं. भावाच्या वर्षी आई कबरेपाशी खाली बसली. पदराने दगड पुसला आणि म्हणाली, ‘ऊठ रे बाळा, उजाडलं.’ शाळेसाठी त्याला रोज अशीच उठवायची. मला तेव्हा मार्कचा पाचवा अध्याय आठवला. याईराची बारा वर्षांची मुलगी मेलेली आहे, येशू तिचा हात धरतो आणि म्हणतो, ‘तलीथा कूम’, मुली, ऊठ. सगळं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या मार्कने हे दोन शब्द मात्र त्यांच्या घरच्या अरामी भाषेतच ठेवलेत. घराघरात सकाळी आया उच्चारतात तेच शब्द. आणि त्यानंतर येशू सांगतो, हिला काहीतरी खायला द्या.

दिवसभरात पुढे योहान २० वाचा. मरीया मग्दालीया (ही लाजराची बहीण नव्हे) कबरेपाशी रडतेय, समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा ओळखू येतो. मुलांना ही गोष्ट सांगताना ‘मरीये’ हा शब्द हळू म्हणा.

सातवी पायरी: ५० दिवस सोडू नका

उपवासकाळ ४० दिवस पाळून आपण ईस्टरच्या सोमवारी वही बंद करतो. वास्तविक ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवसांचा आहे, उपवासकाळापेक्षा मोठा. पुनरुत्थानानंतरच्या भेटी याच काळात वाचायच्या. रोज नाही जमलं तर आठवड्यातून एकदा.

अम्माऊसची गोष्ट चालत वाचा; वाटेतला तो अनोळखी माणूस म्हणजे उठलेला येशूच. कुणाला तरी सोबत घ्या, ११ किलोमीटर नको, दोन पुरे. जाताना आपलं ‘होती’चं वाक्य सोबत्याला सांगायचं, त्याने फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. येताना उलट. परदेशात एकट्या राहणाऱ्या दोघी मैत्रिणींनी हे फोनवर केलं, एक दुबईत, एक पुण्यात, दोघी आपापल्या रस्त्यावर चालत.

थोमाची गोष्ट ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये येते. खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं म्हणणारा हा शिष्य. त्याला ‘संशयी’ म्हणून शाळेत हिणवायला शिकवतात. मी मुलांना वेगळं दाखवते: उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण अजून आहेत. मरण हरलं, पण वण पुसले गेले नाहीत.

मध्ये दिवस चुकतील. आजारपण, परीक्षा, लग्नसराई. जिथे सुटलं तिथून धरा, मागचं भरून काढायला दोन दोन गोष्टी एका दिवशी वाचू नका.

शेवटच्या बैठकीला योहान २१ घ्या, आणि ती शक्यतो शेगडीपाशी घ्या. कोळशाच्या विस्तवासाठीचा मूळ ग्रीक शब्द सबंध नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, दोनदाच येतो. पहिल्यांदा योहान १८मध्ये, महायाजकाच्या अंगणात. त्या रात्री येशूचा शिष्य पेत्र त्याला तीनदा नाकारतो, त्यातलं दोनदा या विस्तवापाशी शेकत उभा राहून. दुसऱ्यांदा इथे, तिबिर्या समुद्राच्या काठावर. शिष्य रात्रभर मासेमारी करून रिकामे परतलेत, मग सांगितल्यावर जाळं टाकतात आणि १५३ मोठे मासे लागतात. काठावर येशूने कोळसे पेटवून त्यावर मासळी ठेवलीय, भाकर आहे. पेत्राला तोच वास येतो, त्या रात्रीचा. येशू त्या रात्रीबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणतो, या, न्याहारी करा. माझ्यावर प्रीती करतोस का, हे तो पेत्राला तीनदा विचारतो, पण खाणं झाल्यावर.

आमच्या गटात हा उतारा मागच्या अंगणात वाचतात. कोळसे फुलेपर्यंत एकीने १ ते १४ ओव्या वाचायच्या, बांगडा उलटेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. मग ज्यांना वाटेल त्यांनी वहीचं पहिलं पान काढून ते वाक्य वाचायचं, ज्यांना नको त्यांनी वही मिटूनच ठेवायची. प्रश्नोत्तरं नंतर. आधी सगळ्यांना वाढायचं, तांदळाची भाकरी गरम आहे तोवर.